सोपी वाट कुणी आखायची?

मार्च महिना जवळ आला की सायकलवाल्यांच्या गटांत एक वाद ठरल्यासारखा उगवतो. कुणीतरी डोंगरातल्या कच्च्या वाटेवर ‘खास महिला आणि नवशिक्यांसाठी’ राइड जाहीर करतं. लगेच पहिला आक्षेप येतो: वेगळी राइड कशाला? डोंगर काही बाई-पुरुष बघत नाही, ज्याला यायचं त्याने यावं, अडवलंय कुणी? त्यावर समोरून स्त्रीशक्ती, जिद्द, ‘ती ठरवेल ते करेल’ वगैरे सुरू होतं. मग गुलाबी जर्सी, हिरवा झेंडा, कुणा पाहुण्याच्या हस्ते पदकं, आणि एप्रिल उजाडला की सगळं सामसूम. दोन्ही बाजू भांडतात त्या बायकांच्या मनाबद्दल. एकीच्या मते त्यांना इच्छाच नाही, दुसरीच्या मते त्यांच्यात हिंमत भरायला हवी. जिच्यावरून जायचं ती वाट, जिच्यावर बसायचं ती सायकल आणि जायची ती वेळ, यांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. माझ्या मते माउंटन बाइकिंगमध्ये, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर सायकल चालवण्याच्या या खेळात, बायका आणि नवखे लोक कमी दिसतात त्याची कारणं नेमकी या तिन्हींत आहेत. प्रोत्साहन भरपूर झालं. सोपी वाट, मापाची सायकल आणि हळू जायची मुभा, एवढ्याची तजवीज करायची आहे. आणि ती होत नाही तोवर वेगळ्या राइडची चेष्टा करण्याचा अधिकार कुणाला नाही.

इच्छेचा मुद्दा आधी निकालात काढू. सुट्टीच्या दिवशी पहाटे आतकरवाडीतून सिंहगडाच्या पायवाटेला लागा. पाच-सहाशे मीटरचा खडा चढ आहे, तरी त्यावर बायका किती दिसतात ते बघा. कॉलेजच्या मुली, पंजाबी ड्रेसवर बूट चढवलेल्या गृहिणी, गुडघ्याला पट्टा बांधून दर आठवड्याला गड चढणाऱ्या साठीच्या पुढच्या आजी. त्यांच्यात हिंमत भरायला कुणी गेलं होतं का? पायथ्याशी पीएमपीची बस जाते. वाट मळलेली आहे, चुकायची भीती नाही. मागेपुढे माणसं असतात, अधेमधे ताक-सरबतवाली बसलेली असते, वर पिठलं-भाकरी मिळते. दम लागला तर दगडावर टेकायला कुणाची परवानगी लागत नाही आणि कुणी ‘अजून किती वेळ?’ म्हणून घड्याळ बघत नाही. यांच्यातल्याच काही जणी पुढे राजगडला जातात, मग हरिश्चंद्रगडाला, आणि एखादी तिथल्या कठीण अशा नळीच्या वाटेनेही चढते. किल्ल्यांच्या माहितीत ‘श्रेणी: सोपी, मध्यम, कठीण’ असं आपण कितीतरी वर्षं लिहीत आलो आहोत. ही चढती भाजणी आहे म्हणून डोंगरात बायका आहेत. सायकलवर मात्र पहिल्याच दिवशी नळीची वाट दाखवायची, आणि ती परत आली नाही की ‘आवड नसते हो त्यांना’ म्हणायचं, हा कुठला न्याय?

हे असं का झालं, हे या खेळाच्या जन्माकडे बघितलं की उमगतं. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, माउंट टॅमलपायसच्या परिसरात, १९७०च्या दशकात काही तरुणांना जुन्या, जाड टायरच्या, अवजड सायकली डोंगरावरून खाली हाणण्याचं वेड लागलं. २१ ऑक्टोबर १९७६ला तिथल्या एका उतारावर त्यांनी वेळ मोजून पहिली शर्यत घेतली. सुमारे सव्वातीन किलोमीटरमध्ये चारशे मीटर उतार. मागच्या चाकाच्या हबमधल्या, म्हणजे मधल्या तुंब्यातल्या, ब्रेकचं ग्रीस तापून जळून जायचं आणि शर्यतीनंतर नवं भरावं लागायचं, म्हणून वाटेचं नावच ‘रिपॅक’ पडलं. जो ब्रीझ, गॅरी फिशर, चार्ली केली ही पुढे प्रसिद्ध झालेली नावं तिथलीच. बाई तिथे नव्हती असंही नाही. वेंडी क्रॅग त्या उतारावर शर्यतीत उतरली होती, आणि त्या काळाची जी छायाचित्रं आज आपण बघतो त्यांतली कितीतरी तिने काढलेली आहेत. पण खेळाची रीत ठरली ती उतारावर ब्रेक जाळणाऱ्यांची. पडणं, खरचटणं, हाड मोडणं ही दीक्षा. मागे राहिला तो मागे राहिला. पंधरा-वीस जणांच्या टोळक्याला ही रीत पुरते. पण तीच रीत जगभर गेली आणि आपल्याकडेही आली. सह्याद्रीचा मुरूम, सुटे दगड आणि उन्हाळ्यातली घोटाभर धूळ यांच्यावर ती जशीच्या तशी बसवली, मग उरले कोण? ज्यांना आठवडेच्या आठवडे हाताला प्लास्टर घालून बसणं परवडतं ते.

याच इतिहासातलं दुसरं पान कमी वाचलं जातं. जॅकी फेलन १९८३ ते १९८५ अशी सलग तीन वर्षं अमेरिकेची राष्ट्रीय विजेती होती. पुरुषांच्या तोडीस तोड कसं चालवायचं हे शिकवायला तिच्याइतकं लायक कोण होतं? पण १९८७मध्ये तिने बायकांसाठी मंडळ काढलं तेव्हा त्याच्या नावातच माउंटन बाइकच्या शेजारी चहा आणून बसवला. भरपूर हसणं, सावकाश शिकणं, राइड संपल्यावर गप्पा असा एकूण मामला. सगळ्यात वेगवान बाईने वेग दाराबाहेर ठेवला, कारण वेग ही आत शिरल्यावर कमवायची गोष्ट आहे हे तिला कळत होतं. आपल्याकडे नवख्यांच्या राइडची जाहिरातसुद्धा ‘फक्त २५ किलोमीटर, सरासरी १५चा वेग’ अशी असते. त्या ‘फक्त’चा अर्थ मुरमावर पहिल्यांदा सायकल घालणाऱ्याला विचारून बघावा.

आता समोरच्यांचं म्हणणं. वेगळ्या राइडमध्ये एक छुपा अपमान आहे, हे मला मान्य आहे. ‘महिला आणि नवशिके’ ही जोडीच मुळात चुकीची आहे. संगमनेरच्या प्रणिता सोमणने राष्ट्रीय एमटीबी (माउंटन बाइक) स्पर्धांत पदकं मिळवली आहेत. पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८मध्ये ऐन विशीत सायकलवरून पृथ्वीला फेरी मारून आली. अशांना आणि काल सायकल घेतलेल्या पन्नाशीच्या काकांना एका खणात टाकणं म्हणजे बाईपण हीच एक नवखेपणाची पातळी मानणं झालं. शिवाय वेगळी राइड वेगळीच राहण्याचा धोका असतो. वर्षानुवर्षं त्याच सपाट कच्च्या रस्त्यावर फिरवून आणायचं आणि खरा डोंगर ‘आपल्या’ ग्रुपसाठी ठेवायचा, असंही चालतं. माझ्यापेक्षा चांगलं चालवणाऱ्याच्या मागे लागूनच मी शिकते, हेही खरं.

पण यातून निघतं काय? वेगळी राइड वाईट पद्धतीने घेतली जाते, एवढंच. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला काय घडलं ते आठवा. साक्षरता मोहीम चालू होती, ‘अरिवोळी इयक्कम’. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायकांनी सायकल शिकणं हा त्या मोहिमेचाच भाग केला. खाणीत काम करणाऱ्या, शेतमजूर, अंगणवाडी सेविका, अशा लाखाच्या वर बायका सायकल शिकल्या. शिकलेल्या बायका पुढे नव्यांना शिकवायच्या, आणि शिकणारीच्या आजूबाजूला तिच्यासारख्याच पडणाऱ्या-उठणाऱ्या बायका होत्या. रस्त्यावर टोमणे बसायचे ते बसलेच, पण टोमण्याची धार एकट्या बाईला लागते तशी शंभर जणींना लागत नाही. आणि गंमत बघा, लेडीज सायकली पुऱ्या पडेनात तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. पुढच्या दांड्यावर मूल बसवता येतं म्हणून काहींना त्याच जास्त सोयीच्या वाटल्या. शिकणं आपल्या लोकांत झालं, वापरणं सगळ्या जगात. पुदुकोट्टईला कुणी ‘रस्ता काही बाई-पुरुष बघत नाही’ म्हणून थांबलं असतं, तर किती जणी सायकलवर बसल्या असत्या?

आणि शिकण्याचं म्हणाल, तर पुढच्याच्या मागे लागून शिकायला तो पुढचा दिसत तरी राहायला हवा ना. दहा मिनिटांत तो वळणाआड जातो, आणि मागे राहिलेलीला कळतं एवढंच की आपण सगळ्यांचा खोळंबा करतो आहोत. हा खोळंब्याचा धसका बायकांना जास्त बसतो, कारण घरीदारी त्यांना तेच शिकवलेलं असतं. मग ती झेपत नसलेल्या उतारावर ‘माझ्यामुळे थांबू नका’ म्हणत सायकल सोडते, आणि पडते. अशा पडण्याला ग्रुपमध्ये धाडस म्हणतात, टाळ्याही वाजतात.

भीती हा शब्द या चर्चेत फार ऐसपैस वापरला जातो. त्यातली निम्मी भीती पाना-पंपाने जाते, असं माझं मत आहे. आपल्याकडे दहा-पंधरा हजारांत ‘एमटीबी’ म्हणून जी सायकल मिळते तिचं वजन सोळा किलोच्या आसपास असतं. ऐंशी किलोच्या माणसाला ते त्याच्या वजनाच्या पाचवा हिस्सा. पन्नास किलोच्या बाईला जवळजवळ तिसरा. उतारावर चाक दगडाला धडकून उडालं की त्या दोघांच्या हातात दोन वेगळ्या सायकली असतात. पुढच्या सस्पेन्शनमधली, धक्के झेलणारी स्प्रिंग जड माणसाचा विचार करून बसवलेली असते, ती हलक्या अंगाखाली दबतच नाही. म्हणजे सस्पेन्शन नुसतं वजन वाढवायला. स्प्रिंगऐवजी हवेवर चालणाऱ्या फोर्कमध्ये (पुढचं चाक धरणाऱ्या दुबेळक्यात) दाब कमी करून हे सुधारता येतं, पण ती सायकल कितीतरी महाग. दुकानात फ्रेमची लहान साइज बहुधा नसतेच. ‘सीट खाली घ्या की मॅडम’ म्हणून सतरा इंची फ्रेम गळ्यात मारली जाते. पण सीट खाली आल्याने हँडल जवळ येत नाही. हात ताणलेले, अंग पुढे झुकलेलं, आणि उतारावर तर अंग मागे न्यायचं असतं. ब्रेकचा लिव्हर लांब असतो, आखूड बोटं तिथे निसटती पोचतात, म्हणून ती एका बोटाने हळुवार ब्रेक दाबण्याऐवजी चार बोटांनी कचकन दाबते आणि चाक घसरतं. हा लिव्हर जवळ आणायला बहुतेक डिस्क ब्रेकवर एक छोटा स्क्रू असतो. अ‍ॅलन की लावून पाच मिनिटांचं काम, पण विकताना ते करून दिलेलं क्वचितच दिसतं. टायरमध्ये डांबरी रस्त्यासारखी पन्नास पीएसआय हवा ठासलेली. हलक्या स्वाराला मुरमावर ती तिशीच्या आसपास पुरते, आणि तेवढ्याने टायर जमीन धरू लागतो. यातलं काहीही न करता त्या बाईला ‘घाबरू नकोस, सोड ब्रेक’ सांगणारा माणूस मला शूर वाटत नाही, आळशी वाटतो. बायकांसाठी वेगळ्या भूमितीच्या, म्हणजे वेगळ्या लांबी-कोनांच्या, फ्रेमचा गाजावाजा कंपन्यांनी बरीच वर्षं केला आणि त्यांतल्या मोठ्या कंपन्यांनी तो पुढे आवरताही घेतला, कारण माणसामाणसांतला फरक बाई-पुरुषांतल्या सरासरी फरकापेक्षा मोठा निघाला. माप, स्प्रिंग, लिव्हर, हवा हे तर बुटक्या, हलक्या पुरुषालाही लागतंच. चौदा वर्षांच्या मुलालाही लागतं.

सुरक्षेचा मुद्दा याहून अवघड आहे आणि तो मी सहज उडवून लावणार नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये पुण्याजवळ बोपदेव घाटाच्या परिसरात एका तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर कुठल्या आईने मुलीला घाटातल्या कच्च्या वाटेवर एकटी सोडावी? टेकड्यांवर लुटीचे प्रकार होत राहतात. मोबाइलला रेंज नसते, खांदा निखळला तर हॉस्पिटल तास-दोन तास लांब. हे सगळं खरं आहे. पण मग याचा निष्कर्ष ‘बायकांनी जाऊ नये’ असाच दर वेळी का निघतो? लक्ष्मी रस्त्यावर खिसे कापले जातात म्हणून खरेदी बंद करा असं कुणी सांगत नाही, तिथे पोलीस वाढवतात. जागा निर्मनुष्य असते तोवर ती धोक्याची असते. सिंहगडाची वाट पहाटे पाचला सुरक्षित वाटते ती माणसांमुळे. बिहारने २००६पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या तेव्हा त्या घोळक्याने शाळेला जाऊ लागल्या. त्या योजनेच्या अभ्यासात मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी तीस टक्क्यांच्या आसपास वाढलेली आणि मुलामुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटलेली दिसली. रस्ते तेच होते, बिहारही तोच होता. म्हणजे सुरक्षेसाठी ज्या वेगळ्या राइडची गरज आहे, तिलाच सुरक्षेचं कारण देऊन हसायचं, असा हा उफराटा प्रकार आहे.

पर्यावरणवाल्यांचं म्हणणं मला सगळ्यात जास्त पटतं. नवखा स्वार मागचं चाक घसटत उतरतो. त्या घसटीची चर होते, पावसाळ्यात चरीचा ओघळ होतो, दोन-तीन पावसांत तिथे घळ पडते. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर रोज चालणारे, टेकडी वाचवण्यासाठी रस्त्याविरुद्ध झगडणारे लोक सायकलींकडे संशयाने बघत असतील तर ते चूक नाहीत. कासच्या पठारावर किंवा कोकणातल्या जांभ्या सड्यांवर तर सायकल नेऊच नये. तिथे बोटभर मातीवर सगळं उभं आहे. ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ म्हणत कुठेही टायर घालणाऱ्यांशी माझं भांडण आहे, मग तो स्वार बाई असो की बुवा. पण जरा बारकाईने बघितलं तर हा मुद्दा सोप्या वाटांच्या बाजूनेच जातो. माती धुपते ती सरळ उताराला भिडणाऱ्या, कुणी न आखलेल्या वाटांवर. जगात जिथे हा खेळ नीट रुजला तिथे वाटांना रंग दिलेले असतात. हिरवी सोपी, निळी मध्यम, काळी अवघड. आंतरराष्ट्रीय माउंटन बाइक संघटनेच्या प्रतवारीत हिरव्या वाटेची रुंदी किमान तीन फूट आणि सरासरी चढ ५ टक्के किंवा त्याहून कमी. अशी वाट डोंगराच्या पोटाशी आडवी, वळणं घेत जाते, तिच्यावरून पाणी बाजूला उतरतं, आणि ब्रेक कचकन दाबायची वेळच फारशी येत नाही. आपल्या जुन्या बैलवाटा याहून वेगळ्या काय होत्या? लादलेला बैल उतारावर घसरू नये म्हणून घाटाला वळणं देणाऱ्यांना प्रतवारीचं पुस्तक लागलं नव्हतं. ठरवून दिलेली, पावसाळ्यात बंद राहणारी, खालच्या गावातल्या लोकांनी राखलेली एक सोपी वाट असेल, तर दहा चोरवाटा वाचतात.

राहिला तो ‘हे श्रीमंतांचे चोचले’ हा आक्षेप. पन्नास-साठ हजारांच्या सायकलीवर बसून स्त्रीमुक्तीच्या गप्पा मारणं मलाही कानाला खटकतं. पण अकोले, जव्हारकडच्या मुली कच्च्या रस्त्याने शाळेला सायकल हाकतात, तेव्हा त्या काय करत असतात? राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. चढ, खडी, चिखल, पाठीवर दप्तर, गियर नाही. शहरातल्या माणसाने हेच केलं तर त्याला खेळ म्हणतात, तिने केलं तर गरज. या खेळातली उद्याची राष्ट्रीय विजेती तिथल्याच एखाद्या रस्त्यावर असण्याची शक्यता बरीच आहे. पण तिच्या तालुक्यात शर्यत होत नाही, आणि झालीच तर तिच्या सायकलीला प्रवेश नसतो. खेळ श्रीमंतांचा आहे असं म्हणून हात झटकणं सोपं, पण त्याने तो श्रीमंतांचाच राहतो.

मग नेमकं मागायचं काय? डोंगरात वाट आखायला वनखातं, ग्रामपंचायत, देखभालीचा पैसा असं सगळं लागतं आणि वर्षं जातात. ते मागत राहावं. पण शहरात आज करता येईल अशी एक गोष्ट आहे: मातीचा पंप ट्रॅक. लहान-मोठे उंचवटे आणि बाकदार वळणं असलेला एक बंदिस्त फेरा. पायडल न मारता, नुसतं अंग वरखाली करून त्यावर वेग धरता येतो. डोंगरातल्या वाटेवर लागणारं निम्मं कसब, म्हणजे तोल, नजर, उतारावर अंग मागे नेणं, हे तिथेच शिकून होतं. एखाद्या उद्यानाचा कोपरा त्याला पुरतो. कुठल्याही जुन्या सायकलवर, नातवापासून आजीपर्यंत कुणालाही तो चालतो. टेकडीची माती धुपत नाही, आजूबाजूला माणसांची वर्दळ असते, पडलं तर रिक्षा मिळते, आणि मागे पडायला तिथे मागे असं काही नसतंच, सगळे गोलच फिरत असतात. महापालिकेला यात अडचण यायचं कारण नाही. भांडावं लागेल ते वेळेवरून. उद्यानांची फाटकं ठरावीक वेळेला बंद होतात, आणि नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आटोपून बाई मोकळी होते ती नेमकी त्यानंतर. तेव्हा ट्रॅकच्या आधी दिव्यांची आणि रात्री साडेनऊपर्यंत थांबणाऱ्या रखवालदाराची तरतूद अंदाजपत्रकात घाला, असा अर्ज आपल्या नगरसेवकाकडे द्यावा.